आधी निघालेले, मागून निघालेले

अमेरिकेतल्या मराठी घरात जेवणं झाली, बडीशेप फिरली की गप्पा हमखास एका वळणावर येतात: कुठला समाज इथे येऊन किती पुढे गेला. गुजरात्यांची मोटेलं होतात, व्हिएतनामींची नेल सलून होतात, पंजाब्यांचे ट्रक होतात, आणि मग कुणीतरी मध्यपूर्वेकडे वळतं. "इराणी बघा, काय थाटात राहतात! नाहीतर ते इराकी. शेजारी देश, पण हे आपले सरकारी मदतीवर." कारणही तयारच असतं. इराणी मुळातच हुशार, अडीच हजार वर्षांची संस्कृती, वगैरे वगैरे. आता संस्कृतीच्या वयावरच बँकेतली शिल्लक ठरायची असेल, तर लेखनकला आणि साठ-साठच्या पटीत मोजायचा हिशेब ज्या मातीत रुजला ती माती इराकची. त्या न्यायाने बेव्हर्ली हिल्स इराक्यांनी कधीच विकत घ्यायला हवं होतं.

नोकरीपायी मी आधी डेट्रॉइटच्या उपनगरात राहिलो आणि मग दक्षिण कॅलिफोर्नियात आलो. पहिल्या ठिकाणी इराकी भरपूर, दुसऱ्या ठिकाणी इराणी. त्यामुळे या गप्पांत माझा आवाज जरा चढतो आणि बायको टेबलाखालून पाय मारते.

फरक आहे, तो कुणी नाकारू नये. 2019 च्या आकडेवारीप्रमाणे इराणात जन्मलेल्यांच्या घरांचं मध्यम वार्षिक उत्पन्न सुमारे 79,000 डॉलर होतं. अमेरिकेतच जन्मलेल्यांच्या घरांचं 66,000 च्या आसपास. प्रौढ इराण्यांत दहातले सहा पदवीधर, आणि सगळ्या स्थलांतरितांचा हिशेब केला तर तिघांत एक. इराक्यांची घरं मात्र देशाच्या मध्यापेक्षाही बरीच खाली. म्हणजे बडीशेप चघळता चघळता केलेलं निरीक्षण बरोबर आहे. त्याला चिकटवलेलं कारण तेवढं मला पटत नाही. ही माणसं निघाली कधी, निघाली त्या दिवशी त्यांच्या देशाच्या नोटेला काय भाव होता आणि अमेरिकेने त्यांना कुठल्या दाराने आत घेतलं, या तीन गोष्टींत पुढच्या चाळीस वर्षांचा बराचसा हिशेब लागून गेला होता, असं मला दोन्ही गावांत राहून वाटतं.

इराण्यांचं निघणं 1979 च्या इस्लामी क्रांतीच्या आधीच सुरू झालं होतं. 1973-74 मध्ये तेलाचे भाव चौपट झाले आणि शहाच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, इराणात पैसा खुळखुळायला लागला. एका डॉलरला 70 रियाल, आणि तो दर वर्षानुवर्षं जवळजवळ हलला नाही. मुलाला इंजिनियरिंग शिकायला अमेरिकेला पाठवणं तेहरानच्या बऱ्यापैकी चालणाऱ्या दुकानदारालाही झेपायला लागलं. 1979-80 या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत इराणचे 51,000 च्या आसपास विद्यार्थी होते. एवढे तेव्हा दुसऱ्या कुठल्याही देशाचे नव्हते. भारताचे तर नव्हतेच नव्हते. क्रांती झाली तेव्हा हजारो घरांतलं एक पोर आधीच टेक्सास नाहीतर कॅलिफोर्नियातल्या कॉलेजात बसलेलं होतं. इंग्रजी येणारं, बँकेत खातं असलेलं, गाडी चालवता येणारं. मागून आलेल्या आईबापांना विमानतळावर घ्यायला घरचं माणूस होतं, ही गोष्ट कुठल्या तक्त्यात मांडली जात नाही.

आमच्या अर्वाइनमध्ये दोन गल्ल्या सोडून एक आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. सगळे त्यांना खानूम म्हणतात, मीही तेच म्हणतो. काचेच्या लहान पेल्यात चहा, खडीसाखरेसारखा साखरेचा तुकडा दातांत धरून घोट घोट. त्यांचे यजमान तेहरानात बांधकामाचे कंत्राटदार. 1977 साली त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये एक घर घेऊन ठेवलं, मुलगी पुढे शिकायला येईल म्हणून. 1978 च्या डिसेंबरात दंगली वाढल्या तेव्हा, "वातावरण निवळेपर्यंत राहून येऊ" म्हणून सगळे इकडे आले. चार सुटकेसा. त्यातली एक बर्फात घसरायच्या कपड्यांची आणि बुटांची, कारण नवरोजला, म्हणजे इराणी नववर्षाला, परत गेल्यावर तेहरानजवळच्या दीझिनच्या उतारांवर जायचं ठरलेलं. ते बूट अजून गराजमध्ये आहेत. दाखवले मला. पिवळे, प्लॅस्टिकचे, बकलं गंजलेली.

खानूम बोलायला लागल्या की काय काय गेलं त्याची यादी सांगतात. उत्तर तेहरानातला बाग असलेला वाडा, यंत्रसामग्री, सरकारजमा झालेली कंपनी, सासऱ्यांची शेती. सगळं खरं आहे. होत्याचं नव्हतं झालंच. पण मी मनातल्या मनात दुसरी यादी करत असतो: काय आलं. कर्ज न काढता घेतलेलं घर आलं. जिनिव्हाला असलेल्या दिराकडे ठेवलेले डॉलर आले. मिशनरी शाळेतलं इंग्रजी आलं. इमारत कशी उभी करायची हे डोक्यात भरलेला नवरा आला. त्या गृहस्थांनी दोन-दोन, चार-चार बिऱ्हाडांच्या जुन्या इमारती घेऊन, डागडुजी करून विकायला सुरुवात केली. 1980 नंतरच्या चाळीस वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जमिनीचं काय झालं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. फारसं डोकं न लढवतासुद्धा त्या धंद्यात माणूस श्रीमंत झाला असता, आणि यांना तर डोकं होतं.

सगळं गोड होतं असं नाही. 4 नोव्हेंबर 1979 ला तेहरानातल्या वकिलातीत अमेरिकी माणसं ओलीस धरली गेली आणि ते प्रकरण 444 दिवस चाललं. त्या काळात खानूमचे यजमान गिऱ्हाइकांना आपण इटालियन असल्याचं सांगायचे. मुलीला शाळेत पोरं छळायची. तरी घराचा हप्ता भरायचा नव्हता, आणि हप्ता नसलेल्या माणसाला अपमान गिळायला थोडी जास्त सवड असते, असं मला वाटतं.

लॉस एंजेलिसमधल्या वेस्टवुड बुलेव्हार्डवर फिरलात तर फारसी पाट्या, केशर-गुलाबाचं आइस्क्रीम, पुस्तकांची दुकानं, गालिचे. तिथल्या एका चौकाला 2010 मध्ये पर्शियन स्क्वेअर असं रीतसर नाव मिळालं. बेव्हर्ली हिल्समध्ये 2007 साली जिमी डेलशाद हे इराणात जन्मलेले गृहस्थ महापौर झाले आणि त्या निवडणुकीच्या मतपत्रिका फारसीतही छापल्या होत्या, त्यावरून गावात बरीच कुरकुर झाली. इराणी यहुद्यांनी शहराच्या मध्यभागातल्या कापडबाजारात आणि जवाहिऱ्यांच्या पेठेत जम बसवला. तेहरानच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या हेच केलेलं. इराणातून आलेले आर्मेनियन ग्लेंडेलला गेले. टॅक्सी चालवणारे माजी लष्करी अधिकारीही होते. आता ते फक्त लग्नातल्या किश्श्यांत भेटतात. उबरचे प्रमुख दारा खोसरोशाही यांचं घराणं तेहरानातल्या बड्या उद्योजकांपैकी. क्रांतीनंतर कंपनी सरकारजमा झाली आणि त्यांचे वडील आजारी आजोबांना बघायला परत गेले ते सहा वर्षं अडकून पडले. म्हणजे घाव यांनाही बसले. पण ज्याच्याकडे मुळात गमवायलाच काही नव्हतं, तो इराणी लॉस एंजेलिसला पोचलाच नाही. तो अहवाझमध्ये, इस्फहानमध्ये राहिला आणि 1980 ते 88 च्या इराकशी झालेल्या युद्धात त्याची पोरं आघाडीवर गेली. एप्रिल 1980 मध्ये अमेरिकेने संबंध तोडले, तेव्हापासून तेहरानात अमेरिकी वकिलातच नाही. व्हिसाच्या मुलाखतीसाठी अंकारा, दुबई नाहीतर येरेवान गाठायचं, तिथे हॉटेलात राहायचं, नकार आला तर परत फिरायचं. ज्याला हा खर्च झेपत नाही तो दारातच गळतो. इराण्यांची अमेरिकेतली सरासरी ही या गाळणीतून उतरलेल्यांची सरासरी आहे.

आता इराकी. इथे मला दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात, कारण आकडेवाले त्या एकाच खणात घालतात.

डेट्रॉइटमध्ये मी ज्यांना इराकी म्हणायचो ते स्वतःला कॅल्डियन म्हणवतात. उत्तर इराकात मोसुलजवळ निनवेच्या मैदानात तेल कैफ नावाचं गाव आहे, तिथले हे ख्रिस्ती. घरात अरामी भाषेची बोली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्यातले काही डेट्रॉइटला आले. 1914 मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली होती, तिचा बोलबाला जगभर होता. पण कारखान्यात ते फार रमले नाहीत. किराणा दुकानं काढली. 1965 च्या स्थलांतर कायद्याने दारं उघडल्यावर भाचे, पुतणे, मेहुणे येत गेले. 1967 च्या जुलैत वांशिक दंगलीत डेट्रॉइट पेटलं, 43 माणसं मेली, आणि त्यानंतर मोठ्या साखळी दुकानांनी शहरातून काढता पाय घेतला. ओस पडलेली दुकानं कॅल्डियनांनी घेतली. ख्रिस्ती असल्याने दारू विकायला धर्माची आडकाठी नव्हती, लॉटरीची तिकिटंही ठेवता येत. मिशिगनमध्ये अशा दुकानाला पार्टी स्टोअर म्हणतात.

कामावरून येताना मी ज्या पार्टी स्टोअरला थांबायचो तिथल्या मालकाला सगळे अम्मो म्हणायचे, म्हणजे काका. गल्ला आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये छताला भिडलेली जाड प्लेक्सिग्लास. पैसे एका फिरत्या कप्प्यात ठेवायचे, कप्पा आत वळायचा, दुधाची बाटली घेऊन बाहेर यायचा. काचेवर एका जागी कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली खूण होती. "मोठा भाऊ होता तेव्हा गल्ल्यावर," अम्मो एकदा म्हणाले, आणि पुढचं बोलायच्या आत कुणीतरी लॉटरीचे आकडे सांगायला लागलं. आत स्टुलावर बसून गणिताचा गृहपाठ करणारा एक पुतण्या, फ्रीज भरणारा दुसरा. दुकान सकाळी आठला उघडायचं, रात्री बाराला बंद व्हायचं.

पद्धत साधी होती. नवा आलेला पुतण्या काकाच्या घरी राहायचा, काकाच्या दुकानात राबायचा, पगारातलं जवळजवळ काहीच खर्च करायचा नाही. काही वर्षांनी चार नातेवाईक मिळून त्याला बिनव्याजी रक्कम द्यायचे, घाऊक व्यापारी काकाच्या शब्दावर उधारी द्यायचा, आणि पुतण्याचं दुकान उभं राहायचं. बँकेची पायरी चढावी लागत नसे. या माणसांनी पै पै जोडली ती ज्या वस्तीत, तिथली कृष्णवर्णीय गिऱ्हाइकं म्हणायची की आमच्याकडचा पैसा घेऊन हे उपनगरात बंगले बांधतात. त्यांचंही खोटं नव्हतं. अम्मो राहायचे वेस्ट ब्लूमफील्डला, तिथे कॅल्डियनांचा स्वतःचा मोठा क्लब आहे, लग्नं तिथे लागतात. गल्ल्यावरचा पुतण्या पुढे दंतवैद्य झाला.

(जाता जाता: 1980 मध्ये डेट्रॉइट शहराने सद्दाम हुसेनला शहराची मानाची किल्ली दिली होती. त्याने तिथल्या सेक्रेड हार्ट या कॅल्डियन चर्चला अडीच लाख डॉलरची देणगी दिली होती.)

तर हेही इराकीच. पण मजा अशी की पूर्वजांच्या मुळाप्रमाणे मोजलं तर अमेरिकी जनगणना खात्यात असिरियन-कॅल्डियन हा रकाना वेगळा आहे, आणि मिशिगनमध्ये जन्मलेला दंतवैद्य पुतण्या तर जन्मस्थानाच्या हिशेबातही अमेरिकीच. शंभर वर्षांत जे वर चढले ते इराकी या शब्दाखालून निघून गेले. त्या शब्दाखाली आता बहुतांशी मागाहून आलेले उरले आहेत.

त्या मागाहून आलेल्यांची गोष्ट समजायला आधी माझ्या लहानपणाकडे यावं लागेल. आमच्या वाड्यात एक काका होते, रेल्वेतून निवृत्त झाल्यावर एका भारतीय कंपनीच्या कंत्राटावर इराकला गेले. 1981-82 च्या सुमाराची गोष्ट. एका दिनारला पंचवीस-तीस रुपये यायचे. काकू आम्हाला बगदादहून आलेले खजूर वाटायची आणि वाड्यातल्या प्रत्येक तरुणाला इराक म्हणजे सोन्याची खाण वाटायचं. चुकीचं काही नव्हतं. एक दिनार म्हणजे तीन डॉलरहून जास्त. शिक्षण फुकट, दवाखाने फुकट. साक्षरतेच्या मोहिमेसाठी युनेस्कोने इराकची पाठ थोपटली होती. बगदादचा डॉक्टर लंडनला जाऊन शिकून परत यायचा, कारण परत येणं परवडत होतं.

त्या वेळी इराकी मध्यमवर्ग अमेरिकेला निघाला असता, तर आज बडीशेपेच्या गप्पा वेगळ्या झाल्या असत्या. तो निघाला नाही. सद्दामने सहजासहजी निघूही दिलं नाही. मग इराणशी आठ वर्षं युद्ध, 1990 च्या ऑगस्टमध्ये कुवेतवर चढाई, आणि त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध. ते 2003 पर्यंत टिकले. 1995 संपता संपता एका डॉलरला 3,000 दिनार झाले होते. ज्या प्राध्यापकाचा पगार शेकडो डॉलरमध्ये मोजला जायचा, त्याचा महिन्याचा पगार दोन-चार डॉलरवर आला. बगदादच्या अल-मुतनब्बी रस्त्यावर लोक घरातली पुस्तकं पदपथावर मांडून विकायला लागले. मग भांडी, मग गालिचे, मग दरवाजे. इराकी मध्यमवर्ग देशाबाहेर पडायच्या आधी देशातच नागवला गेला.

2006 च्या फेब्रुवारीत समाराच्या, शियांना पवित्र असलेल्या अल-अस्करी मशिदीत स्फोट झाला, शिया-सुन्नी कत्तली सुरू झाल्या आणि लाखो लोक अंगावरच्या कपड्यांनिशी सीरिया आणि जॉर्डनला पळाले. अमेरिकेने 2007 च्या आर्थिक वर्षात जेमतेम 1,600 इराकी निर्वासित घेतले. स्वीडनमधल्या सोडरटेल्ये नावाच्या ऐंशी-एक हजार वस्तीच्या गावात तेव्हा अमेरिका आणि कॅनडा मिळून घेत होते त्याहून जास्त इराकी येत होते. त्या गावच्या महापौराला 2008 मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे बोलवलं, तेव्हा त्याने हे सुनावलं. मग अमेरिकेने आकडा वाढवला; 2007 ते 2013 मध्ये 80,000 हून जास्त आले. आले ते नेमके मंदीत. मिशिगनमध्ये तर नोकऱ्यांची अशी वाट लागली होती की जवळचे नातेवाईक नसतील त्या इराक्यांना तिकडे पाठवू नका, असं परराष्ट्र खात्याने ठरवलं होतं.

सॅन दिएगोच्या पूर्वेला एल कहोन नावाचं गाव आहे. कॅलिफोर्नियात आल्यावर एका स्नेह्यामुळे तिथल्या एका इराकी कुटुंबाशी ओळख झाली. गृहस्थ बगदादच्या वीज मंडळात मुख्य अभियंता होते, बाई औषधनिर्मात्या. दोन वर्षं दमास्कसजवळच्या जरमानात भाड्याच्या खोलीत काढली. तिथे काम करायची परवानगी नव्हती म्हणून बाईंच्या बांगड्या एकेक करत गेल्या. अमेरिकेत उतरले 2009 मध्ये. अभियंतासाहेबांनी मला एक फाइल दाखवली. सगळ्यात वरचा कागद विमानाच्या तिकिटांचा. मला तोवर वाटायचं की निर्वासितांना सरकार फुकट आणतं. तसं नसतं. तिकिटाचे पैसे म्हणजे कर्ज. व्याज नाही, पण सहा महिने झाले की हप्ते चालू. पाच जणांचं मिळून काही हजार डॉलर झालेलं. अमेरिकेतल्या त्यांच्या आयुष्याची पहिली नोंद ही या कर्जाची, आणि समुपदेशक बाईंनी त्यांना समजावलं होतं की हप्ते वेळेवर भरा, तुमची पत तयार होईल!

त्याच्याखालचे कागद मदतीचे. आल्या आल्या घर, गादी, भांडी यांच्यासाठी माणशी काहीशे डॉलर (2010 च्या जानेवारीत ही रक्कम 900 वरून 1,800 केली, पण यांचं कुटुंब त्याआधी आलेलं), आणि मुलंबाळं नसलेल्यांना तर रोख मदत तेव्हा फक्त आठ महिने. एवढ्या मुदतीत भाषा, गाडीचा परवाना आणि नोकरी व्हायला हवी. धोरणच असं की पहिली मिळेल ती नोकरी घ्या. एकावन्न वर्षांच्या मुख्य अभियंत्याला पहिली मिळाली ती रात्रपाळीची, एका गोदामात खोकी चढवायची. पदवी मान्य करून घ्यायची तर बगदादच्या विद्यापीठाकडून मोहोरबंद गुणपत्रिका हव्यात. त्या आणायला ज्याने जायचं त्यालाच मारायची धमकी असल्यामुळे तर ते निघाले होते. बाईंनी औषधनिर्मात्याच्या परीक्षांचा अभ्यास सुरू केला, मग सासूबाईंचं डायलिसिस निघालं आणि पुस्तकं कपाटावर गेली. आता त्या एका औषधांच्या दुकानात मदतनीस आहेत. परवाना असलेल्या तरुण मुलीच्या हाताखाली उभं राहून गोळ्या मोजतात. "ती कधी कधी मला विचारते," त्या म्हणाल्या. त्यांनी हे सांगताना चेहरा इतका सरळ ठेवला की हसावं की काय ते मला कळेना.

यांच्या घराचं उत्पन्न आणि खानूमच्या घराचं उत्पन्न शेजारी मांडून, त्याखाली 'इराकी' आणि 'इराणी' असं लिहिणं म्हणजे काय, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

उलट उदाहरण बघायला आपल्याला लांब जावंच लागत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत हे दोन्ही समाज होते, आणि पारडं बरोबर उलटं होतं. डेव्हिड ससून बगदादचा यहुदी, बाप तिथल्या पाशांचा, म्हणजे तुर्की सुभेदारांचा, खजिनदार. दाऊद पाशाच्या जाचातून निसटून इराणच्या बुशेर बंदरामार्गे 1832 च्या सुमाराला मुंबईत आला. त्याने आणल्या त्या बसरा, बुशेर, बगदादच्या व्यापारातल्या ओळखी, आणि कंपनी सरकारचा चीनशी व्यापार खुला होण्याचा तो नेमका काळ. अफू आणि कापूस यांच्यावर घराणं इतकं वाढलं की मुंबईत 1875 ची ससून गोदी, काळ्या घोड्यापाशी वाचनालय, पुण्याला ससून रुग्णालय. पुण्याच्या लाल देवळाच्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात त्याची कबर आहे. आता त्याच मुंबईत त्यानंतर आलेले इराणी बघा. यझ्द आणि केरमानच्या खेड्यांतले जरथुश्त्री. तिकडे त्यांच्यावर जिझिया होता, मुंबईच्या पारशांनी पाठवलेल्या माणेकजी लिमजी हातरियांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर तो 1882 मध्ये उठला. ही माणसं आली ती पारशांच्या घरी नोकरी करायला. मग कोपऱ्यावरच्या जागा घेऊन चहा, ब्रून, मस्का. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानून घेत नसत, म्हणून ती स्वस्त मिळे, असं सांगतात. कयानी 1904 चं, मेरवान 1914 चं. गल्ल्यामागे मालक, भट्टीपाशी पुतण्या, दुकान पहाटेपासून रात्रीपर्यंत. अम्मोंना मी एकदा हे वर्णन करून सांगितलं तर त्यांनी विचारलं, "ते तेल कैफचे का?"

ब्रिटनमध्येही असंच काहीसं उलटसुलट. तिथे इराक्यांची एक पिढी दिनार वजनदार असतानाच पोचली. वास्तुविशारद झाहा हदीदचे वडील इराकचे अर्थमंत्री होते, लंडनमध्ये शिकलेले; मुलगी 1972 मध्ये तिथे वास्तुकला शिकायला गेली आणि पुढे त्यातलं मानाचं प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री ठरली. सरकारी रुग्णालयांत इराकी डॉक्टर ढिगाने. आणि अलीकडे, 2018 नंतर, रबरी होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्यांत पहिली काही वर्षं सगळ्यात मोठा गट इराण्यांचा होता. त्या होडीतल्या इराण्याला अडीच हजार वर्षांच्या संस्कृतीचा काय उपयोग झाला असेल कोण जाणे.

आणि आपण? अमेरिकेतले भारतीय उत्पन्नाच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे आहेत, हे गणपतीच्या भाषणात दरवर्षी ऐकतो. एच-वन-बी व्हिसाच्या दारावर पदवी तपासून, कंपनीचं पत्र पाहून आत घेतलेल्या माणसांची सरासरी वर असणारच. चंद्रपूरहून, जालन्याहून कुणाला निर्वासित म्हणून आणून एल कहोनला आठ महिने देऊन बघा, आणि मग मराठी माणसाच्या कष्टाळूपणावर बोलू. हे मी मंडळाच्या एका जेवणात बोललो होतो. त्यानंतर आमरसाची वाटी माझ्यापर्यंत बऱ्याच उशिरा पोचली.

सध्या खानूमच्या मागच्या बाजूची खोली एका इराणी मुलाने भाड्याने घेतली आहे. इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करतो, शरीफ विद्यापीठाचा पदवीधर, म्हणजे आपल्या आयआयटीच्या तोडीचा. खानूम त्याच्यावर माया करतात पण त्याच्या पिढीला 'नवे' म्हणतात, आणि त्या शब्दात थोडं नाक मुरडलेलं असतं. त्याला येरेवानला मुलाखतीला जायचं होतं तेव्हा वडिलांनी गाडी विकली. वडील निवृत्त प्राध्यापक. 1979 च्या आधी 70 ला एक मिळणारा डॉलर 2025 च्या मार्चमध्ये तेहरानच्या खुल्या बाजारात दहा लाख रियालच्या वर गेला. वडिलांचं निवृत्तिवेतन डॉलरमध्ये किती होतं ते त्याने मला एकदा सांगितलं आणि मला एल कहोनची फाइल आठवली. शिष्यवृत्तीतून तो दर महिन्याला काही बाजूला काढतो, पण घरी पाठवणार कसे? निर्बंधांमुळे बँका त्या वाटेला जात नाहीत. जो मार्ग आहे तो ओळखीपाळखीचा: इथे कुणाला डॉलर द्यायचे, तिथे त्याचा भाऊ रियाल पोचवतो.

धाकट्या बहिणीलाही इथल्याच एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. 2025 च्या जूनमध्ये ज्या बारा देशांच्या लोकांना अमेरिकेने बंदी घातली त्यांत इराण आहे, इराक नाही. तिने प्रवेश वर्षभर पुढे ढकलून घेतलाय. तोवर ती तेहरानातून परदेशातल्या इराणी मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, आणि तिची फी कुणाकडे जमा करायची यावर भावाबहिणीची रोज रात्री फोनवर वादावादी चालते.